बोजागी : एका बोचक्याचा इतिहास

गेले पाच शनिवार मी एक रुमाल शिवतोय. अजून झालेला नाही. एकवीस तुकडे आहेत, त्यातले नऊ जोडून झालेत, आणि त्या नवातले दोन परवा बाईंनी उसवायला लावले. ऑफिसात कोड रिव्ह्यूमध्ये माझं एवढं कधी कुणी परत पाठवलं नव्हतं :-)

झालं असं, की प्रोजेक्टच्या निमित्ताने वर्षभर सोलजवळ मुक्काम आहे. शनिवार-रविवार काय करायचं हा प्रश्न. डोंगर चढून झाले, राजवाडे बघून झाले. मग ऑफिसातल्या एका सहकारी बाईने सांगितलं की तिची आई एका शिवणाच्या वर्गाला जाते, बघायला ये. बघायला गेलो आणि बसलोच. वर्गात सात बायका आणि मी. सगळ्या माझ्या आईच्या वयाच्या. माझं कोरियन 'मीठ कमी घाला' इतपतच. पण सुईदोऱ्याला फारशी भाषा लागत नाही. बाई हातातून कापड काढून घेतात, मान हलवतात, उसवतात, परत हातात देतात. एवढं समजतं.

तर हा लेख त्या रुमालाबद्दल. म्हणजे माझ्या नव्हे, एकूणच. कारण वर्गात सुई ओवता ओवता जे ऐकलं आणि घरी येऊन जे वाचलं, ते फार मजेशीर निघालं, आणि शेवटी थोडं बोचलंसुद्धा.

त्या रुमालाला म्हणतात बोजागी. ऐकताना बोचकंच वाटतं, त्यामुळे पहिल्या दिवसापासून लक्षात राहिलं. कामही तेच. चौकोनी कापड, काहींना कोपऱ्यांना बंद, त्यात काहीही बांधायचं: कपडे, अंथरूण, पुस्तकं, भेटवस्तू. जेवणाच्या छोट्या टेबलावर झाकण म्हणून टाकतात त्याला सांगबो. अंथरूण बांधायचं ते इबुलबो. भरतकाम केलेलं ते सुबो. आणि उरलेसुरले तुकडे जोडून केलेलं ते जोगाकबो. 'जोगाक' म्हणजे तुकडा, 'बो' म्हणजे कापड. थोडक्यात आपली ठिगळांची गोधडी, फक्त आत थर नसलेली आणि दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी.

आता या कापडाचा मान किती जुना, हे बघायचं तर थेट पुराणात जावं लागतं. तेराव्या शतकाच्या शेवटी इर्योन नावाच्या बौद्ध भिक्षूने 'साम्गुक युसा' नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात गाया राज्याच्या जन्माची कथा आहे. इसवी सन ४२ साली आकाशातून एक जांभळा दोर खाली आला. दोराच्या टोकाला लाल कापडात बांधलेली सोन्याची पेटी. पेटीत सहा सोन्याची अंडी. लोकांनी ती बघितली, परत कापडात गुंडाळली आणि प्रमुखाच्या घरी नेऊन ठेवली. पुन्हा उघडली तेव्हा अंड्यांची मुलं झालेली होती. त्यातला पहिला तो राजा सुरो. म्हणजे देवाने राजा पाठवला, तोही नीट बोचक्यात बांधून! याच ग्रंथात पुढे इसवी सन ४८ साली समुद्रमार्गे 'आयुता' देशाची राजकन्या येते आणि सुरोशी लग्न करते. ही आयुता म्हणजे आपली अयोध्या, असं मानणारे बरेच आहेत. अयोध्येत २००१ साली तिचं स्मारकसुद्धा झालं. इतिहासकारांचं यावर एकमत नाही, आणि कथा ती कथाच. पण राजवंशाची सुरुवात सांगताना कथा सांगणाऱ्याला पेटीवरचं कापड विसरावंसं वाटलं नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं.

प्रत्यक्षात हातात आलेल्या बोजागी मात्र एवढ्या जुन्या नाहीत. आज संग्रहालयांत दिसतात त्यातल्या बहुतेक जोसोन राजवटीच्या (१३९२ ते १९१०) शेवटच्या काळातल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या किंवा विसाव्याच्या सुरुवातीच्या. कापड ते कापड, ते किती टिकणार?

जोसोन काळात दोन जातीच्या बोजागी होत्या. राजवाड्यातल्या त्या गुंगबो, आणि बाकी जनतेच्या त्या मिनबो. राजवाड्यात अख्खं रेशीम वापरत, कधी त्यावर चित्र काढत. तिथे तुकडे जोडायची गरजच नव्हती. तुकडे जोडले ते घरोघरच्या बायकांनी. हानबोक, म्हणजे कोरियन पोशाख, बेतताना बाहीच्या आणि गळ्याच्या वळणापाशी तिरके-तारके तुकडे उरतात. ते टाकून द्यायचे कसे? एकेक गज कापडामागे घरातल्याच कुणाचे तरी महिने गेलेले असत.

हे 'महिने गेलेले असत' मी सहज लिहून गेलो, पण त्यात बरंच काही आहे. उन्हाळी जोगाकबो ज्या कापडाची करतात त्याला मोशी म्हणतात. (पिंपरी-चिंचवडजवळच्या मोशीचा काही संबंध नाही. मीही आधी दचकलो होतो.) ही एका झाडाच्या सालीच्या धाग्यापासून विणलेली, तागाच्या जवळची, पण पातळ, कडक आणि जवळजवळ आरपार दिसणारी. दक्षिण चुंगचॉंग प्रांतातल्या हान्सानची मोशी सर्वांत नावाजलेली. २०११ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत तिच्या विणकामाची नोंद झाली. साल सोलायची, वाळवायची, मग दातांनी चिरून चिरून तिचे धागे करायचे. हो, दातांनी. मग एका धाग्याचं टोक दुसऱ्यावर ठेवून, थुंकी लावून, उघड्या मांडीवर वळून जोडायचं. अंगात मुरलेल्या कामासाठी कोरियनमध्ये एक वाक्प्रचार आहे, त्याचा अर्थ दाताला खाच पडणे. तो या धागे चिरणाऱ्या बायकांवरूनच आला, असं तिकडे सांगतात. विणायचं तेही दमट, बंद खोलीत, भर उन्हाळ्यात. कारण हवा कोरडी झाली की धागा तुटतो.

या मोशीची तलमता मोजायचं माप आहे 'से'. एक से म्हणजे उभे ८० धागे. कापडाची रुंदी जेमतेम ३० सेंटिमीटर. तेवढ्यात दहा से असतील तर ८०० धागे झाले. हे कळल्यावर मी माझ्या हातातल्या अडीच इंची तुकड्याकडे परत एकदा बघितलं आणि कात्री खाली ठेवली.

मागाची रुंदी कमी, म्हणून बोजागीचं मापही त्याच रुंदीत मोजत. त्या एककाला 'पोक' म्हणतात, साधारण ३०-३५ सेंटिमीटर. एक पोकाचा रुमाल दागिन्यांना नि छोट्या वस्तूंना, आणि अंथरुणाला, सामानाला कितीतरी पोकांचा मोठा. म्हणजे मोठी बोजागी ही मुळातच जोडलेली असे. जोड लपवायचा प्रश्नच नव्हता. तो नीट कसा घालायचा एवढाच प्रश्न.

आणि तो घालायचा प्रकारच माझ्या पाच शनिवारांच्या मुळाशी आहे. त्याला म्हणतात सामसोल. कोरियात मांसाचा तुकडा लेट्यूसच्या पानात गुंडाळून खातात, त्याला 'साम' म्हणतात. तोच हा साम. गुंडाळलेली शिवण. एका तुकड्याची कड साधारण एक सेंटिमीटर दुमडायची, दुसऱ्याची त्याच्या निम्मी. दोन्ही दुमडी एकमेकींना भिडवून कडेकडेने बारीक तिरके टाके घालत जायचं. या टाक्याचं नाव गामचिमजिल. मग कापड उघडायचं, रुंद कडेने अरुंद कड पोटात घ्यायची, दाबायची, आणि दुसऱ्या बाजूने परत तसेच टाके. म्हणजे प्रत्येक शिवण दोनदा. पण झाल्यावर दोरे सुटलेली कड कुठेच उरत नाही. पालथं-सुलटं असं काही राहत नाही, दोन्हीकडून तेच. अस्तर लागत नाही.

आणि गंमत पुढे आहे. शिवणीच्या जागी कापडाचे थर वाढतात. मोशी तर आरपार. त्यामुळे असा रुमाल खिडकीत धरला की तुकडे उजळतात आणि शिवणी गडद रेघा होऊन दिसतात. चर्चमधल्या रंगीत काचांसारखं. पहिल्यांदा बाईंनी त्यांचा स्वतःचा रुमाल असा खिडकीत धरला तेव्हा मी मोबाईल काढायचं विसरलो होतो.

दुसरी गोष्ट माझ्यासारख्याला आवडण्याजोगी. लांबून जोगाकबो बघितला तर तुकडे कसेही, मन मानेल तसे लावलेत असं वाटतं. शिवायला बसलं की कळतं की क्रम चुकला तर काम अडतं. सरळ शिवण घालायची तर दोन्हीकडची कड सलग सरळ हवी. म्हणून आधी दोन छोटे तुकडे जोडायचे, त्यांचा एक आयत झाला की त्याच्या लांबीला तिसरा, मग अख्ख्याच्या रुंदीला चौथा. असे गट करत करत, गटाला गट. मध्येच कोपरा अडला तर अर्धी शिवण सोडून पुढे जायचं, आणि मग मागे यायचं. मी पहिल्याच दिवशी कागदावर सुंदर डिझाईन काढून नेलं होतं. बाईंनी ते बघितलं, एका कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि हसल्या. तो कोपरा शिवणं शक्यच नव्हतं! त्या स्वतः कागद वापरत नाहीत. तुकडे टेबलावर ओततात आणि एकेक उचलतात.

रंगांचंही एक शास्त्र आहे. कोरियात पाच दिशांचे पाच रंग मानतात: पूर्वेला निळा, पश्चिमेला पांढरा, दक्षिणेला लाल, उत्तरेला काळा आणि मध्यभागी पिवळा. लग्नकार्याच्या बोजागींत हा हिशोब दिसतो. पण तुकड्यांच्या कामात शेवटी जो तुकडा हाताशी असेल तोच लागतो. शास्त्र आणि डबा यांची तडजोड.

'बोक' या शब्दावर आणखी एक खेळ आहे. गुंडाळायच्या कापडाला जुन्या नोंदींत बोक म्हणत, आणि बोक म्हणजे भाग्यसुद्धा. वस्तू बांधली म्हणजे भाग्य बांधून ठेवलं. वटवाघळाच्या चिनी अक्षराचा कोरियन उच्चारही 'बोक', म्हणून शिवणी जिथे मिळतात तिथे कापडाची बारीक घडी करून वटवाघूळ बसवतात. आपल्याकडे वटवाघूळ घरात शिरलं तर काय धावपळ होते! तुकडे जितके जास्त, टाके जितके जास्त, तितकं वापरणाऱ्याचं आयुष्य जास्त, अशीही समजूत. त्यामुळे कित्येक जोगाकबो कधी वापरलेच गेले नाहीत. मुलीच्या लग्नात दिले, तिने पेटीत ठेवले, पेटीतच राहिले. आज ते कोरे करकरीत बघायला मिळतात ते यामुळेच.

आता मुख्य मुद्दा. हे सगळं केलं कुणी?

जोसोन काळात नव-कन्फ्यूशियन विचारांचा पगडा बसत गेला तसतसं बऱ्या घरांतल्या बायकांचं जग घराच्या आतल्या भागात आलं. बायकांची खोली वेगळी, बाहेर पडायचं तर डोक्यावरून आच्छादन. मुलगी म्हणून शिकायचं ते मुख्यतः शिवण. नवऱ्याचा, सासू-सासऱ्यांचा, मुलांचा एकूणएक कपडा घरात शिवला जाई. तो धुताना उसवायचा आणि वाळल्यावर परत शिवायचा. हे खरं आहे, हानबोक उसवून धूत. म्हणजे काम कधी संपतच नसे. त्यातून उरलेल्या वेळात आणि उरलेल्या तुकड्यांत हे रुमाल झाले. आणि त्यातल्या जवळजवळ एकाही रुमालावर करणारीचं नाव नाही.

नाव नाही, पण आवाज अगदीच नाही असं नाही. दोन लेखांबद्दल वाचलं आणि रविवार सत्कारणी लागला.

पहिला 'ग्युजुंग चिलु चेंग्नोन्गी'. लेखक अज्ञात, पण आतलं बारीकसारीक बघता बाईनेच लिहिला असावा असं मानतात. घरातली बाई शिवता शिवता डुलकी घेते. तेवढ्यात तिची सात अवजारं भांडायला लागतात: पट्टी, कात्री, सुई, दोरा, अंगुस्तान, दुमडी दाबायची कोळशावरची टोकदार छोटी इस्त्री आणि मोठी इस्त्री. (त्या छोट्या इस्त्रीचं नाव 'इंदू' आहे. मला दर वेळी शेजारच्या इंदूकाकू आठवतात.) पट्टी म्हणते, मी मापलं नाही तर कपडा होईल कसा? कात्री म्हणते, नुसतं मापून काय उपयोग, कापते कोण? सुई म्हणते, कापून ठेवलेले तुकडे अंगात घालणार का? वाचताना हुबेहूब आमची अप्रेझलची मीटिंग आठवली. डेव्हलपर, टेस्टर, डेटाबेसवाले, सगळे हजर. मग सगळीजणी मिळून मालकिणीच्या नावाने बोटं मोडतात, कशी आम्हाला रागाच्या भरात फेकते, तोडते वगैरे. मालकीण जागी होते आणि रागावते. शेवटी अंगुस्तान म्हातारी सगळ्यांच्या वतीने माफी मागते. हसून झाल्यावर लक्षात येतं की कष्ट माझे आणि श्रेय दुसऱ्याला, ही तक्रार करायला त्या बाईला अवजारांचं तोंड लागलं.

दुसरा 'चोचिम्मुन'. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, राजा सुन्जोच्या काळातला. हा शोकलेख आहे, आणि मेलं कोण तर सुई. लिहिणारी यू आडनावाची विधवा. तिचं स्वतःचं नाव इतिहासाला माहीत नाही, फक्त 'यू घराण्यातली बाई'. मूलबाळ नाही. नवऱ्याचे काका राजाच्या शिष्टमंडळातून बीजिंगला गेले होते, येताना सुयांची पुडकी आणून हिला दिली, आणि हिने ती नात्यागोत्यात वाटली. स्वतःकडे ठेवल्या त्यातल्या एकेक करत हरवल्या, मोडल्या. शेवटची एक तिने २७ वर्षं वापरली. आणि एक दिवस पोशाखाची कॉलर जोडताना तीही मोडली. त्या सुईसाठी तिने माणूस गेल्यावर लिहितात तसा रीतसर मृत्युलेख लिहिला.

२७ वर्षं. जवळजवळ माझ्या वयाएवढी. माझ्या पाच शनिवारांत तीन सुया गेल्या. एकीचंही मला काही वाटलं नाही, पुडकं स्वस्त आहे. 'चोचिम्मुन'बद्दल वाचल्यावर तिसरीचं टोक तेवढं कचऱ्यात न टाकता काडेपेटीत ठेवलं.

पुढचा इतिहास झरझर सांगतो, कारण तो फारसा आनंदाचा नाही. १९१० ते १९४५ जपानी अंमल. १९५० ते १९५३ युद्ध. त्या युद्धातल्या निर्वासितांचे फोटो बघा, प्रत्येक बाईच्या डोक्यावर बोजागीत बांधलेलं गाठोडं आहे. भरलेल्या बोजागीला 'बोत्तारी' म्हणतात, आणि 'बोत्तारी बांधणं' म्हणजे घर सोडून जाणं. नंतरही काही वर्षं शाळेतली पोरं पुस्तकं कापडात बांधून, मुलगे पाठीवर तिरकी, मुली कमरेला, अशी धावत जात. मग कारखाने आले, तयार कपडे आले, बॅगा आल्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या. ट्रंकेतली जुनी जोगाकबो कुणालाच नकोशी झाली.

याच वेळी हो दोंग-ह्वा नावाचे गृहस्थ (१९२६-२०१८) आणि त्यांची दंतवैद्य पत्नी पार्क यॉंग-सूक हे असलं सगळं गोळा करत होते. भरतकाम, रुमाल, अंगुस्तानं, सुयांची घरं. आजूबाजूचे संग्राहक चिनीमाती आणि चित्रांच्या मागे होते, बायकांच्या शिवणकामाला बाजारात किंमत नव्हती. १९७६ साली त्यांनी सोलमध्ये भरतकामाचं संग्रहालय काढलं, देशोदेशी प्रदर्शनं नेली. २०१८ साली सुमारे पाच हजार वस्तू सोल शहराला दिल्या आणि त्याच वर्षी हो गेले. २०२१ साली उघडलेल्या सोलच्या हस्तकला संग्रहालयात आता त्या बघायला मिळतात. जागा पूर्वी मुलींच्या शाळेची होती. प्रवेश फुकट आहे. मी दोनदा जाऊन आलो.

परदेशातल्या प्रदर्शनांतून बोजागीला नाव मिळालं ते 'कोरियन माँद्रियान' म्हणून. पीट माँद्रियान हा डच चित्रकार, १९२० च्या सुमारापासून काळ्या रेघा आणि लाल-निळ्या-पिवळ्या चौकोनांची चित्रं काढू लागला. दिसायला साम्य आहे, नाकारत नाही. आणि या कोरियन बायकांनी ते त्याच्या कितीतरी आधी केलं, हेही कौतुकाने सांगतात. पण शिवायला बसल्यापासून मला ही तुलना खटकायला लागली. माँद्रियानची रेघ त्याने ठरवून काढलेली. जोगाकबोतली रेघ म्हणजे शिवण, ती नसेल तर कापडाचे दोन तुकडे होऊन खाली पडतील. शिवाय एखाद्या आजीने केलेली वस्तू सुंदर आहे हे कळायला आपल्याला युरोपातला एक पुरुष मध्ये का लागतो? बरं, तुलना झाली म्हणून तरी लोक बघायला आले, रुमाल वाचले, हेही तितकंच खरं. मला याचं सोपं उत्तर सापडलेलं नाही.

अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड गावच्या काळ्या बायकांच्या गोधड्यांचं प्रदर्शन २००२ साली ह्यूस्टनला भरलं, तेव्हाही आधुनिक चित्रकलेशी अशाच तुलना झाल्या. पण तिथे एक फरक होता. गोधडीशेजारी गोधडी शिवणारीचं नाव होतं. बऱ्याचजणी हयात होत्या, त्यांना विचारता आलं. सोलच्या संग्रहालयात पाट्यांवर काळ, कापड, माप. नाव नाही. लिहिणार कुठून? वेळेवर कुणी विचारलंच नाही.

आजच्या कलाकारांत किम सूजा (जन्म १९५७, देगू) हिने बोजागी वेगळ्याच वाटेने नेली. १९८३ साली आईबरोबर रजई शिवताना तिला आपल्या कामाची दिशा सापडली असं ती सांगते. १९९७ साली एका ट्रकवर जुन्या रजयांच्या कापडात बांधलेल्या बोत्तारींचा ढीग रचून, त्यावर बसून, ती अकरा दिवसांत २७२७ किलोमीटर कोरियाभर फिरली. पुढे मुंबईतही येऊन तिने धोब्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर व्हिडिओ केलाय. तिचं नाव जगाला माहीत आहे. तिची आई शिवत होती, ती तिच्या नावामुळे माहीत आहे.

हे सगळं वाचताना मला पुण्याचं पेशवे दफ्तर आठवलं. तिथले कागद कापडात बांधून ठेवलेले, आणि त्या गाठोड्याला म्हणायचं 'रुमाल'. अमुक क्रमांकाचा रुमाल, असा संदर्भ आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत जागोजागी सापडतो. रुमालाच्या आतल्या प्रत्येक चिठोऱ्यावर कारकुनांची, सरदारांची नावं आहेत, आणि त्यावर लोकांनी आयुष्यं घालवली. ते योग्यच. वरच्या कापडाबद्दल एक ओळ मी कधी वाचलेली नाही.

मागच्या रविवारी आईला फोन केला. म्हटलं, आज्जीच्या गोधड्या कुठे आहेत? कराडजवळ आमच्या गावी माझ्या लहानपणी किमान पाच-सहा होत्या. जुन्या लुगड्यांच्या, वर ठिगळांचे चौकोन, आणि कडेने आतपर्यंत फिरत जाणारा धावदोरा. आई म्हणाली, "अरे, गाद्या केल्या तेव्हा बोहारणीला दिल्या. त्यावर स्टीलचा डबा घेतला, तो आहे की." मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "एक असेल माळ्यावर. पण ती तुझ्या आज्जीची नाही. ती भागाआत्याची." कोण भागाआत्या? तर आजोबांची आत्या, लहानपणीच विधवा होऊन माहेरी परत आलेली, सबंध घराच्या गोधड्या शिवणारी. भागीरथी. मी २८ वर्षांचा आहे आणि हे नाव पहिल्यांदा ऐकलं. घरात तिचा फोटो नाही. आईने तिला बघितलेलंही नाही, तिला सासूने सांगितलेलं.

आईला सांगितलंय की माळ्यावर चढायचं नाही, दादाला चढव, आणि गोधडी सापडली तर धुवू नकोस. गणपतीला घरी येईन तेव्हा बघतो.

इकडे वर्गात पुढच्या शनिवारी ते दोन तुकडे परत जोडायचे आहेत. बाईंचं म्हणणं, माझे टाके एकसारखे आहेत पण फार घट्ट. ओढून ओढून घालतो, त्यामुळे मोशी चुरगळते. धागा नुसता टेकवायचा, असं त्या हाताने करून दाखवतात. रुमाल झाला की एका कोपऱ्यात आतल्या बाजूने नाव घालणार आहे. माझं की भागाआत्याचं, ते अजून ठरत नाहीये. तसंही सामसोलला आतली बाजू नसते, त्यामुळे कुठेही घातलं तरी दिसणारच.

असो. तुमच्याकडे कुणाची जुनी गोधडी असेल तर ती कुणी शिवली ते आत्ताच विचारून ठेवा, कुठेतरी लिहूनही ठेवा. बाकी पुढच्या वीकेंडला.